मयुराताईंचे चारशे मीटर

मी वॉकर बोलतोय. चार पाय, दोन मुठी आणि मधे एक आडवी पट्टी, एवढंच माझं शरीर. ना चाक, ना पायडल. तरीही गेलं वर्षभर मी नागपुरातल्या सायकलवाल्यांच्या संगतीत राहिलो. त्यांनी माझी इतकी थट्टा केली की शेवटी मलाही तिची सवय झाली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती धंतोलीतल्या एका औषधाच्या दुकानाची. काचेच्या आत मी उभा असायचो. दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघायची आणि पटकन नजर वळवायची. मला वाटायचं, मी असं काय वाईट केलंय?

मला पहिल्यांदा घरी नेलं ते शरच्चंद्र देशकरांसाठी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय दार न उघडणारे गृहस्थ. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दारावरची घंटी वाजली की ते आधी म्हणायचे, "चिन्मयी, हे आत ने." चिन्मयी म्हणजे त्यांची सून. ती मला पडद्यामागे उभं करायची. पाहुणे जाईपर्यंत शरच्चंद्र खुर्चीतून उठायचे नाहीत.

वीस दिवसांनी त्यांनी मला सोडलं आणि भिंतीला धरून चालायला लागले. भिंतीवर त्यांच्या तळव्याचा काळपट पट्टा उमटला. बाहेर मात्र भिंत नव्हती, म्हणून त्यांचं संध्याकाळचं बागेत जाणं बंद झालं ते बंदच. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना मी म्हातारपणाची पाटी वाटलो असेन. मी बाल्कनीत गेलो. माझ्यावर टॉवेल वाळत पडले. नागपूरचे दोन उन्हाळे मी तिथे काढले. त्या उन्हाने माझ्या पायांतले रबराचे बूट आतून तडकले. ते ना मला कळलं, ना कोणाला.

मागच्या नोव्हेंबरात चिन्मयी बाल्कनीत आली. "बाबा, वॉकर नेऊ का? आमच्या ग्रुपमधल्या मयुराताई पडल्या. त्यांना हवाय."

"ने. मला काय करायचंय?" शरच्चंद्र म्हणाले. पण मी लिफ्टमध्ये जाईपर्यंत ते दारात उभे होते.

चिन्मयी ज्या ग्रुपमध्ये होती, त्यात दहा-बारा माणसं. सगळे पहाटे उठून सायकल चालवणारे. मयुराताई रंगारी त्यातल्याच. वय सत्तेचाळीस, पोस्टात काउंटरवर नोकरी, घर इंदोऱ्यात. त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि भिंतीला टेकवलेली निळी सायकल होती. सायकलचं पुढचं चाक वाकडं झालेलं होतं.

काय घडलं ते मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. कळमेश्वरच्या रस्त्यावर रविवारची सकाळ होती. पुढे ग्रुपमधले चंद्रभानभाऊ, त्यांच्या चाकाला अगदी लागून मयुराताई. कुत्रं आडवं आलं. चंद्रभानभाऊंनी ब्रेक मारला. त्यांचं मागचं चाक मयुराताईंच्या पुढच्या चाकाला घासलं आणि त्या डाव्या अंगावर पडल्या. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. ऑपरेशन करून तीन स्क्रू घातले. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे डाव्या पायावर भार नाही.

मला पलंगाजवळ आणलं तेव्हा मयुराताईंनी मला वरून खाली पाहिलं. मी नजर वळण्याची वाट बघत होतो. पण त्यांनी दोन्ही मुठी धरून हलवून पाहिल्या.

"हँडल तर मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "उंची कमी पडून राहिली. अहो, सीट वर करा याची."

त्यांचे यजमान प्रेमानंदभाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी माझ्या पायांतली बटणं दाबून चारही पाय एकेक भोक खाली सरकवले. ते हसले नाहीत. दहा दिवसांत त्यांची दाढी वाढली होती.

दीप्ती नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. तिने आमचा पहिला धडा घेतला. आधी वॉकर पुढे, मग डाव्या पायाचा नुसता अंगठा टेकवायचा, मग सगळा जोर हातांवर घेऊन उजवा पाय. पलंगापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं. मयुराताईंच्या तळव्यांचा घाम माझ्या मुठींना लागला. खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी मोबाइल मागितला आणि ग्रुपवर लिहिलं, "आजची राइड पूर्ण. नऊ पावलं. चढ नव्हता."

पुढच्या रविवारी ग्रुप घरी आला. सायकली गल्लीत लावून, टापटाप वाजणारे बूट दाराबाहेर काढून सगळे आत बसले. विक्कीने माझ्याभोवती एक फेरी मारली. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तोंड त्याहून मोठं.

"अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम! ताई, माझ्या सायकलीचं वजन दहा किलो, अन् हे अडीचबी नाही. तुम्ही तर एकदम रेसिंगवाल्या झाल्या ना!"

"गिअर किती आहे याले?" कोणीतरी विचारलं.

"एकच," मयुराताई म्हणाल्या. "पण ब्रेक असा, की सोडला तर जागचा हलत नाही."

विक्कीने खिशातून घंटी काढून माझ्या उजव्या मुठीवर बसवली. चिन्मयीने मागच्या पायाला लाल दिवा बांधला, बाटलीचा स्टँड लावला. "रात्री स्वयंपाकघरात जाताना दिवा लावत जा, मागून भांडी येतात," ती म्हणाली. प्रेमानंदभाऊसुद्धा हसले. मी पडद्यामागे दिवस काढलेला. खोलीच्या मधोमध उभं राहून इतक्या माणसांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग विक्की बोलून गेला, "पण ताईच्या मागं चिकटून कोणी चालू नका हं!"

हसणं तिथेच थांबलं. विक्कीने जीभ चावली.

"चंद्रभानभाऊ नाही आले?" मयुराताईंनी विचारलं.

"संत्री पाठवली त्याईनं," विक्की खाली बघत म्हणाला आणि पिशवी पुढे केली.

चंद्रभानभाऊ कळमन्याच्या मार्केट यार्डात फळांची तोलाई करतात. पंचावन्न वर्षांचे आहेत. जन्मभर काळी जुनी सायकल चालवत कामावर गेलेले. सहा वर्षांपूर्वी मयुराताईंना गल्लीबाहेर सायकल चालवायची भीती वाटायची, तेव्हा यांनीच त्यांना पुढे राहून रस्ता दाखवला. जानेवारीत दोघं मिळून चारशे किलोमीटरची ब्रेव्हे करणार होते. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळात लांबचं अंतर कापायचं आणि मधल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. दोघांनी नावं दिली होती.

त्यानंतर दर रविवारी संत्री यायची, चंद्रभानभाऊ येत नसत. फोन लावला तर उचलत नसत.

चौथ्या आठवड्यात माझ्या हातून जे झालं, ते सांगताना मला अजून लाज वाटते.

सकाळची वेळ. मयुराताई न्हाणीघराच्या दारात होत्या. फरशी ओली होती. त्यांनी मला पुढे ठेवलं, भार टाकला, आणि माझा मागचा उजवा पाय सरकला. तोच तडकलेला बूट. मयुराताईंनी दाराची चौकट धरली, पण डावा पाय पूर्ण टेकला. त्यांची किंकाळी ऐकून प्रेमानंदभाऊ धावत आले.

एक्स-रे काढला. स्क्रू जागेवर होते. पण तीन दिवस मयुराताईंनी मला हात लावला नाही. दीप्ती आली तर त्या म्हणाल्या, "आज नको." दुसऱ्या दिवशीही, "आज नको." मी पलंगाजवळ उभा होतो आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

तिसऱ्या संध्याकाळी प्रेमानंदभाऊ म्हणाले, "बस झालं आता. बरी झाली की पोस्टात जा, घरी ये. ते सायकल देऊन टाकू कोणाले."

मयुराताईंनी पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं.

"तुले काही झालं असतं तर मी काय केलं असतं, सांग ना? त्या दिवशी विक्कीचा फोन आला तवा मी बसच्या खाली होतो. कसा बाहेर आलो, मले माहीत नाही."

"मलेबी भेव वाटते," मयुराताई भिंतीकडेच बघत म्हणाल्या. "पण सायकल दिली तर भेव जाईल का? ते तर इथंच राहीन घरात."

प्रेमानंदभाऊ उठले. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी मला उलटं केलं आणि माझा मागचा बूट अंगठ्याने दाबला. रबर दुभंगलं. ते बघतच राहिले.

"हे तर पार गेलेलं आहे वं," ते हळूच म्हणाले. "रोज वीस गाड्यांचे टायर तपासतो मी. घरातले चार बूट नाही पाह्यले."

ते तसेच चपला घालून बाहेर पडले. तासाभराने परत आले ते चार नवे बूट घेऊन. जमिनीवर बसून, जुने काढून, पाय पुसून त्यांनी ते चढवले आणि प्रत्येक बूट ओल्या फरशीवर घासून पाहिला.

मयुराताई पलंगावर उठून बसल्या होत्या. "टायर बदलले?"

"हाव."

"मंग आणा इकडे."

त्या संध्याकाळी आम्ही खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. प्रेमानंदभाऊ दोन्ही हात पसरून मागे चालत होते. सायकल द्यायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

सहा आठवडे झाले, मग सात. डाव्या पायावर अर्धा भार टाकायची परवानगी मिळाली. आम्ही अंगणात गेलो, मग फाटकापर्यंत. जानेवारीतल्या एका रविवारी विक्की एकटाच आला आणि स्टुलावर बसून राहिला.

"ताई, भाऊनं सायकल भिंतीले टांगून टाकली. कळमन्याले ऑटोनं जाते आता. म्हणते, माझ्या हातानं ब्रेक लागला, आता हँडलले हात लावाची हिंमत नाही होत."

मयुराताईंनी मला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "मी जाते त्याईच्या घरी."

"ऑटो बोलावतो," प्रेमानंदभाऊ म्हणाले.

"ऑटोतून उतरली तर भाऊ म्हणतील, बिचारी. मले पायी जायचं आहे."

चंद्रभानभाऊंचं घर त्याच वस्तीत, विहाराच्या पलीकडे. विक्कीने लगेच सायकल काढली, जाऊन आला आणि मीटर दाखवला. "चारशे दहा मीटर! ताई, तुमची चारशेची ब्रेव्हे पक्की!"

दीप्तीने अट घातली, दर पन्नास मीटरला बसायचं आणि परत येताना ऑटो. प्रेमानंदभाऊ म्हणाले, "स्टूल मी घेतो."

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता सगळे आमच्या फाटकासमोर होते. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. चिन्मयीने पुठ्ठ्याचं कार्ड बनवून आणलं होतं. खऱ्या चारशे किलोमीटरला सत्तावीस तास मिळतात, म्हणून यांनी सत्तावीस मिनिटं दिली. मयुराताईंनी हेल्मेट घातलं, बक्कल लावलं आणि घंटी वाजवली. गल्लीतली माणसं दारात आली.

पहिले शंभर मीटर मजेत गेले. किराणा दुकानाशी पहिला शिक्का. दुकानदाराने आपल्या दुकानाचाच शिक्का मारला आणि विचारलं, "काहून पायी चालल्या ताई? पंक्चर झाली का?"

"तीन खिळे घुसले ना!" मयुराताई म्हणाल्या.

मग रस्ता खराब झाला. पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला पट्टा होता. माझे पाय मातीत रुतायचे. दर पावलाला मयुराताई मला उपटून पुढे ठेवत होत्या. त्यांच्या दंडांना कापरं भरलं, आणि ते माझ्या पायांपर्यंत उतरत होतं. मागून प्रेमानंदभाऊ प्लास्टिकचं स्टूल घेऊन चालत होते. त्या थांबल्या की स्टूल टेकवायचे, पाणी द्यायचे, पुन्हा उचलायचे. आता कोणी विनोद करत नव्हतं.

विहारापाशी दुसरा शिक्का झाला तेव्हा चिन्मयीने घड्याळ पाहिलं. "ताई, अठ्ठावीस मिनिटं झाली. वेळ संपली." मग घाबरून म्हणाली, "म्हणजे, थांबलं तरी चालेल. इथवर आलात हेच खूप आहे."

मयुराताई स्टुलावर बसल्या होत्या. हेल्मेटच्या पट्ट्याखालून घाम गळत होता. त्यांनी पुढे बघितलं.

"वेळ गेली तर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "अंतर तर आहे ना अजून."

आणि माझ्या मुठी धरल्या. मी आयुष्यात पुष्कळ हात पाहिले आहेत. टेकणारे, झटकणारे, रागाने आपटणारे. त्या क्षणी माझ्यावर जे दोन हात आले, त्यांच्यासाठी मी ताठ उभा राहिलो. एवढंच मला करता येतं.

चंद्रभानभाऊ अंगणातल्या नळावर हात धूत होते. टिनाचं फाटक वाजलं म्हणून त्यांनी वळून पाहिलं. फाटकात मयुराताई, डोक्यावर हेल्मेट, हातात मी. मागे स्टूल घेतलेले प्रेमानंदभाऊ आणि सगळा ग्रुप. नळ वाहतच राहिला.

"ताई! हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"चारशे करून राहिली. नाव आपण दोघांनी दिलं होतं. तुम्ही आलेच नाही, मंग मले एकटीलेच करा लागलं."

चंद्रभानभाऊंनी ओल्याच हातांनी तोंड झाकलं. "माझ्यानं झालं, ताई. माझ्या हातानं झालं."

"कुत्रं आडवं आलं. ब्रेक नसता मारला तर तुम्ही पडले असते. अन् मी चिकटून चालवत होती, ते माझं चुकलं. तुम्हीच शिकवलं होतं ना, एक सायकल जागा सोडा म्हणून?"

त्यांनी नळ बंद केला. मयुराताईंचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "सहा वर्षं तुमच्या मागं चालवली मी. हाड जुळून जाईन, डॉक्टर म्हणतात. पण तुम्ही सायकल टांगून ठेवली तर मी पाहू कोणाकडे?"

अंगणाच्या भिंतीवर काळी सायकल टांगलेली होती. दोन्ही चाकांतली हवा गेलेली. कोणीच तिच्याकडे बोट दाखवलं नाही. चिन्मयीने कार्ड पुढे केलं. "भाऊ, शेवटचा शिक्का तुमचा."

चंद्रभानभाऊंकडे शिक्का नव्हता. त्यांनी कानावरची निळी पेन्सिल काढली, जिने ते पेट्यांवर खुणा करतात, आणि कार्डावर सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. वेळेच्या रकान्यासाठी विक्की सांगू लागला, "त्रेपन्न मिनिटं लिहा." त्यांनी तो रकाना कोराच ठेवला.

ऑटो आली तेव्हा मला उचलून आत ठेवलं ते त्यांनीच. ऑटो सुरू होईपर्यंत पकड सोडली नाही.

त्या दिवशी सायकल भिंतीवरून खाली आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी आमच्या फाटकाशी जुन्या सायकलीचा खडखडाट झाला आणि संत्र्यांची पिशवी घेऊन चंद्रभानभाऊ स्वतः आत आले.

मार्चमध्ये मयुराताईंच्या हाती काठी आली. एप्रिलमध्ये तीही सुटली. मे महिन्यात, ऊन तापायच्या आत, पहाटे पाचला त्यांनी निळी सायकल बाहेर काढली. प्रेमानंदभाऊंनी हवा भरली, ब्रेक दोनदा, चारदा ओढून पाहिले. त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. उतरल्या तेव्हा रडत होत्या आणि रडता रडता प्रेमानंदभाऊंना म्हणत होत्या, "सीट अर्धा इंच खाली आहे हो."

माझा मुक्काम विक्कीच्या दुकानात हलला, सायकलींच्या रांगेत. कोणाला गरज पडली की तिथून मला न्यायचं, असं ठरलं.

आज सकाळी गरज पडली. कळमेश्वरला प्रीती नावाची बावीस वर्षांची मुलगी आहे. मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, ऑपरेशन झालं. अकरा दिवस खाटेवरून उठत नाही. तिच्या आईने दीप्तीला फोन केला, दीप्तीने मयुराताईंना. विक्की म्हणाला, "ऑटोत टाकून देतो." मयुराताई म्हणाल्या, "आम्ही नेतो."

चंद्रभानभाऊंनी मला घडी घालून काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं. मी, ज्याला चाक नाही, तो बावीस किलोमीटर रस्त्यावरून पळत गेलो. माझं तोंड मागे होतं, म्हणून मला मयुराताई दिसत होत्या. एक सायकल जागा सोडून त्या येत होत्या. कुठेतरी कुत्रं भुंकलं. त्यांचा चेहरा ताणला गेला, बोटं ब्रेकवर गेली. पायडल मात्र थांबलं नाही.

प्रीती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मयुराताईंनी मला उघडून खाटेजवळ ठेवलं आणि खाली बसल्या.

"मले नाही जमणार," प्रीती वळून न पाहता म्हणाली.

"आज नको जमू दे. उद्या येते मी परत."

"नागपूरवरून? सायकलनं?"

"हाव."

चहा घेऊन ते दोघं निघून गेले. आता दुपार झाली आहे. प्रीतीची आई बाहेर धान्य निवडते आहे. प्रीतीने तोंड वळवलं आहे आणि ती माझ्याकडे बघते आहे. बघ, खुशाल बघ. हसायचं तर हस. भीती वाटते ना? ती घेऊनच उठ, तिचंही वजन मला पेलतं. आधी मी पुढे जातो, मग तो दुखरा पाय, मग दुसरा. दार सात पावलांवर आहे. उद्या मयुराताई येतील तेव्हा त्यांना दार आपण दोघं उघडू.